स्पेन्सर हेवूड यांचे नाव नियमाला द्या : एनबीएच्या आयुक्तांना आणि खेळाडू संघटनेला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त अ‍ॅडम सिल्व्हर, नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन
आणि
मा. पदाधिकारी, नॅशनल बास्केटबॉल प्लेयर्स असोसिएशन

विषय : ड्राफ्टमध्ये लवकर प्रवेश घेण्याच्या तरतुदीला स्पेन्सर हेवूड यांचे नाव देण्याबाबत

महोदय,

दरवर्षी जून महिन्यात आपण ड्राफ्टचा, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याचा, सोहळा भरवता. अठरा-एकोणीस वर्षांची मुले नवे सूट घालून व्यासपीठावर येतात, आयुक्तांशी हस्तांदोलन करतात, संघाची टोपी डोक्यावर चढवतात आणि तेवढ्या अवधीत त्यांच्या घराची पुढच्या दोन पिढ्यांची विवंचना मिटते. २०२५ साली डॅलसने पहिल्या क्रमांकावर निवडलेला कूपर फ्लॅग ड्यूक विद्यापीठाकडून एकच हंगाम खेळलेला अठरा वर्षांचा मुलगा होता. महाविद्यालयात पूर्ण चार वर्षे खेळून पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला शेवटचा खेळाडू केन्यन मार्टिन, आणि ती गोष्ट २००० सालची आहे. त्यानंतरच्या पाव शतकात पहिल्या क्रमांकावर जे जे आले, ते कुणी एक वर्ष महाविद्यालयात काढून, कुणी दोन वर्षे काढून, कुणी शाळेतून थेट, तर कुणी परदेशातल्या संघातून आले. या सर्वांना चार वर्षे थांबावे लागले नाही, याचे कारण १९७०-७१ च्या हिवाळ्यात एकवीस वर्षांच्या एका खेळाडूने आपल्या लीगला न्यायालयात खेचले होते. त्या स्पेन्सर हेवूड यांना आपल्या सोहळ्यात जागा नाही, आपल्या नियमावलीत नाही, आणि आपण प्रसिद्ध केलेल्या सर्वश्रेष्ठ खेळाडूंच्या यादीतही नाही. याबद्दल गप्प राहणे मला पटत नाही, म्हणून हे पत्र.

मी वकील नाही आणि क्रीडापत्रकारही नाही. मुलांना बास्केटबॉल शिकवणारा प्रशिक्षक आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक गुणी खेळाडूच्या घरात आज ना उद्या एक प्रश्न उभा राहतो : या मुलाने खेळावर कमवायला कधी सुरुवात करावी, आणि हे ठरवणार कोण, तो स्वतः की एखादी संस्था? माझ्या स्वतःच्या खेळण्याच्या दिवसांत एका पात्रता नियमामुळे मला एक संपूर्ण हंगाम मैदानाबाहेर काढावा लागला होता. नियमामागचे कारण विचारले, तेव्हा ‘नियम आहे म्हणून’ एवढेच उत्तर मिळाले. त्यामुळे ज्या माणसाने हाच प्रश्न जगातल्या सर्वांत श्रीमंत बास्केटबॉल लीगला विचारला आणि तिच्याकडून उत्तर वसूल केले, त्याचे नाव माझ्या विद्यार्थ्यांना ठाऊक नसावे, हे मला लागते. पत्र मराठीत लिहितो आहे, कारण २०१९ च्या ऑक्टोबरात सॅक्रामेंटो आणि इंडियाना या संघांचे दोन सामने आपण मुंबईत भरवलेत, आम्हाला प्रेक्षक म्हणून मोजलेत. तेव्हा प्रेक्षकाने आपल्या भाषेत चार शब्द सुनावले, तर त्यात वावगे काही नाही.

हेवूड यांचा जन्म २२ एप्रिल १९४९ चा, मिसिसिपी राज्यातल्या सिल्व्हर सिटी या लहानशा गावातला. वडील त्यांच्या जन्माआधीच वारले. दहा मुलांचा संसार आईने शेतमजुरीवर ओढला आणि हेवूड स्वतः अगदी लहान वयापासून कापूस वेचायला जात. आजही ते आपल्या लहानपणाविषयी बोलतात तेव्हा सुरुवात खेळापासून होत नाही, कापसाच्या शेतापासून होते. पुढे ते डेट्रॉईटला गेले, तिथल्या पर्शिंग हायस्कूलमध्ये विल रॉबिन्सन या प्रशिक्षकांच्या हाताखाली घडले आणि १९६७ मध्ये त्या शाळेने राज्य अजिंक्यपद मिळवले. मग कोलोरॅडोतले ट्रिनिडाड स्टेट ज्युनियर कॉलेज, आणि त्यानंतर १९६८ चे मेक्सिको ऑलिंपिक.

ते ऑलिंपिक साधे नव्हते. अमेरिकेतल्या वर्णभेदाच्या निषेधार्थ त्यावर बहिष्कार घालण्याची चर्चा कृष्णवर्णीय खेळाडूंमध्ये वर्षभर चालली होती, आणि त्या वेळचा महाविद्यालयीन बास्केटबॉलमधला सर्वांत मोठा खेळाडू लू अल्सिंडर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार, संघात नव्हता. त्याच्या गैरहजेरीत अमेरिकेचा संघ सुवर्णपदक गमावणार, असे बोलले जात असताना एकोणीस वर्षांच्या हेवूड यांनी संघाकडून सर्वाधिक गुण केले, आणि अंतिम सामन्यात अमेरिकेने युगोस्लाव्हियाला ६५-५० असे हरवले. त्यानंतर डेट्रॉईट विद्यापीठाकडून खेळलेल्या एकमेव हंगामात त्यांची सरासरी सामन्यामागे ३२ गुणांच्या वर होती. विल रॉबिन्सन यांना विद्यापीठाचे प्रशिक्षक नेमण्याचे आश्वासन आपल्याला दिले गेले होते आणि ते पाळले गेले नाही, असे हेवूड सांगतात. एवढे मात्र खरे की रॉबिन्सन यांना १९७० मध्ये इलिनॉय स्टेटने नेमले आणि अमेरिकेच्या पहिल्या श्रेणीतल्या विद्यापीठाचे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक ठरले.

आता त्या वेळचा आपला नियम आठवा. ज्या खेळाडूला शाळा सोडून चार वर्षे झालेली नाहीत, त्याच्याशी एनबीएच्या कोणत्याही संघाने करार करायचा नाही. मग तो महाविद्यालयात शिकत असो की नसो, त्याच्या घरी खायला असो की नसो. विल्ट चेंबरलेन यांच्यासारखा अजस्र ताकदीचा खेळाडू तीन वर्षांनी कॅन्सस विद्यापीठातून बाहेर पडला, तेव्हा त्यालाही १९५८-५९ चा हंगाम हार्लेम ग्लोबट्रॉटर्सबरोबर प्रदर्शनी सामने खेळत काढावा लागला होता. चेंबरलेन थांबले, कारण तेव्हा सगळेच थांबत होते.

हेवूड यांना १९६९ मध्ये वेगळी वाट मिळाली ती अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे एबीए, या प्रतिस्पर्धी लीगमुळे. घरच्या आर्थिक अडचणीचे कारण मान्य करून एबीएने डेन्व्हर रॉकेट्सला त्यांना घेऊ दिले. त्या एका हंगामात त्यांनी सामन्यामागे ३० गुण आणि १९.५ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) अशी सरासरी राखली, आणि सर्वोत्तम खेळाडू व सर्वोत्तम नवोदित हे दोन्ही सन्मान एकाच वर्षी मिळवले. पण करारावरचा आकडा मोठा असला, तरी त्यातली बरीचशी रक्कम पुढच्या वर्षांवर ढकललेली होती. कराराचा खरा अर्थ आपल्याला नीट सांगितला गेला नाही, असे म्हणून हेवूड यांनी तो नाकारला. १९७० च्या अखेरीस सिएटल सुपरसॉनिक्सचे मालक सॅम शुलमन यांनी त्यांच्याशी सहा वर्षांचा, १५ लाख डॉलरचा करार केला. शाळा सोडून अजून चार वर्षे झाली नव्हती.

पुढे जे घडले ते आपल्या दप्तरी आहेच, पण वाचकांसाठी सांगतो. लीगने करार अमान्य केला आणि हेवूड न्यायालयात गेले. कॅलिफोर्नियातले संघराज्य न्यायाधीश वॉरन फर्ग्युसन यांनी त्यांना खेळू देण्याचा अंतरिम आदेश दिला. अपील न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. आणि १ मार्च १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी तो आदेश पुन्हा लागू केला. बास्केटबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. खालच्या न्यायालयाचे जे निरीक्षण त्यांनी उद्धृत केले, ते मी माझ्या प्रत्येक खेळाडूला समजावून सांगतो : या खेळाडूला आता खेळू दिले नाही, तर त्याच्या कारकिर्दीचा मोठा भाग वाया जाईल, वरच्या दर्जाची स्पर्धा न मिळाल्याने त्याचे शरीर आणि कौशल्य उतरेल, त्याच्या स्वाभिमानाला इजा होईल, आणि हे नुकसान भरून निघणारे नसेल. व्यावसायिक खेळाडूची कारकीर्द किती थोड्या वर्षांची असते आणि तिच्यातले एक वर्ष म्हणजे काय, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा दुसरा न्यायालयीन मजकूर माझ्या वाचनात नाही. त्याच महिन्यात जिल्हा न्यायालयाने चार वर्षांचा नियम बेकायदा ठरवला, आणि मग लीगने तडजोड केली.

हा निकाल लागेपर्यंतच्या आठवड्यांत हेवूड यांनी काय सोसले, ही माझी पहिली तक्रार आहे. त्या हंगामात ते फक्त ३३ सामने खेळू शकले. कधी आदेश त्यांच्या बाजूने असे, कधी विरुद्ध. प्रतिस्पर्धी संघ सामन्यांवर हरकत नोंदवत. मैदानावरच्या ध्वनिक्षेपकावरून ‘कोर्टवर एक बेकायदा खेळाडू आहे’ अशी घोषणा होई, प्रेक्षक वस्तू फेकत, आणि एकदा तर आपल्याला भर थंडीत सभागृहाबाहेर काढण्यात आले, असे त्यांनी अनेक मुलाखतींतून सांगितले आहे. ‘बेकायदा’ हा शिक्का त्यांच्यावर मारणाऱ्या लीगचा नियमच पुढे बेकायदा निघाला. महोदय, इतक्या वर्षांत लीगने त्या वागणुकीबद्दल त्यांच्याकडे जाहीर खेद व्यक्त करायला हवा होता.

दुसरी तक्रार नावाची आहे, आणि या पत्राचे खरे कारण तीच आहे. १९७१ पासून काही वर्षे ‘हार्डशिप’ नावाची सवलत चालली, म्हणजे खेळाडूने आधी आपली गरिबी कागदोपत्री सिद्ध करायची आणि मग ड्राफ्टमध्ये यायचे. १९७६ मध्ये तीही अट गेली. त्या दारातून मॅजिक जॉन्सन दोन वर्षांनी आले, आयझाया थॉमस दोन वर्षांनी, मायकेल जॉर्डन तीन वर्षांनी. पुढे केव्हिन गार्नेट, कोबी ब्रायंट आणि लेब्रॉन जेम्स तर शाळेतून थेट आले. खेळाडू संघटनेचे कार्यकारी संचालकपद सांभाळलेले आंद्रे इग्वोडाला हेसुद्धा अ‍ॅरिझोना विद्यापीठात दोन वर्षे खेळून २००४ मध्ये याच वाटेने आलेले. आपल्या लीगच्या इतिहासातून या वाटेने आलेले खेळाडू वगळले, तर जाहिरातीत दाखवायला आपल्याकडे फारसे कोण उरेल, हा हिशेब आपणच करावा.

नियमांना माणसांची नावे देण्याची प्रथा आपल्याकडे नाही, असे म्हणता येणार नाही. संघाला आपल्या जुन्या खेळाडूला एकूण वेतनाची मर्यादा ओलांडून पैसे देता यावेत म्हणून केलेल्या सवलतीला सगळे जग लॅरी बर्ड यांच्या नावाने ओळखते. गिल्बर्ट अरेनस यांच्या नावाची तरतूद आहे, डेरिक रोझ यांच्या नावाचा नियम आहे, आणि १९७६ च्या तडजोडीमुळे खेळाडूंना संघ बदलण्याची जी मोकळीक मिळाली, तिला ऑस्कर रॉबर्टसन यांचे नाव आहे आणि ते सर्वस्वी योग्य आहे. कहर म्हणजे टेड स्टेपियन यांच्याही नावाचा नियम आहे! क्लीव्हलँड संघाच्या या मालकांनी ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत खेळाडू निवडण्याचे हक्क एकामागून एक असे विकले, की लागोपाठच्या वर्षांचे हक्क कुणी विकू नयेत म्हणून लीगला नियम करावा लागला. म्हणजे एका मालकाचा अविचार नावानिशी लक्षात ठेवला जातो आणि एका खेळाडूचा लढा लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या सामूहिक करारात निनावी ‘पात्रता’ होऊन राहतो. बातम्यांत कुणी कधी ‘हेवूड नियम’ असे लिहिते, पण ते लिहिणाऱ्याचे सौजन्य झाले. आपला दस्तऐवज त्याबद्दल मौन पाळतो.

इथे बेसबॉलचे उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. कर्ट फ्लड यांनी स्वतःला न विचारता केलेली संघबदली नाकारली आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा नेला. १९७२ मध्ये ते पाच विरुद्ध तीन मतांनी हरले. तरीही १९९८ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने केलेला कायदा त्यांच्या नावाने ओळखला जातो. फ्लड हरले आणि त्यांच्या नावाचा कायदा झाला. हेवूड जिंकले आणि त्यांच्या नावाचा नियमही नाही. दुर्दैवाने फ्लड यांचे निधन कायदा होण्याच्या आदल्याच वर्षी झाले होते. तोच उशीर आपणही करत आहात.

सन्मान कसा करावा हे आपल्याला शिकवण्याची गरज नाही. सर्वोत्तम खेळाडूचा चषक जॉर्डन यांच्या नावाचा आहे, अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा बिल रसेल यांच्या, बचावाचा हकीम ओलाजुवान यांच्या. नवोदिताचा चषक २०२२ पासून विल्ट चेंबरलेन यांच्या नावाने दिला जातो, आणि गंमत अशी की त्यांना स्वतःला नवोदित होण्यासाठी एक वर्ष थांबावे लागले होते. आज तो चषक उचलणाऱ्या विशीच्या आतबाहेरच्या मुलाला जे वर्ष थांबावे लागत नाही, ते त्याला हेवूड यांनी मिळवून दिले. रसेल यांचा ६ क्रमांक आपण सर्व संघांतून निवृत्त केलात, म्हणजे तो यापुढे कुणा नव्या खेळाडूला मिळणार नाही, हेही थोर काम झाले. पण तो निर्णय आला तो ऑगस्ट २०२२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर काही दिवसांनी.

तिसरी तक्रार यादीची, आणि ती मी थोडक्यात उरकतो. १९९६ च्या पन्नास सर्वश्रेष्ठांत हेवूड नव्हते. २०२१ मध्ये यादी पंचाहत्तरपर्यंत वाढवली, तरी नव्हते. १९७२ आणि १९७३ अशी दोन वर्षे ते लीगच्या पहिल्या सर्वोत्तम संघात निवडले गेले, चार वेळा ऑलस्टार झाले, सिएटलमध्ये सलग पाच हंगाम त्यांची सरासरी २० गुणांच्या वर राहिली, आणि १९७२-७३ मध्ये ती २९.२ होती. दोन्ही लीग मिळून त्यांचे १७,१११ गुण होतात. तरीही केवळ आकड्यांवर मी हट्ट धरणार नाही, कारण १९७५ मध्ये न्यूयॉर्कला गेल्यानंतरची त्यांची वर्षे आधीच्या वर्षांच्या तोडीची नव्हती, आणि यादी कोणतीही असो, कुणीतरी बाहेर राहतोच. माझे म्हणणे एवढेच, की लीगवरचा परिणाम हा निकष यादी करणाऱ्यांसमोर असता, तर त्यांना बाहेर ठेवणे फार कठीण गेले असते.

हॉल ऑफ फेम, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांचे सन्मानदालन, आपल्या अखत्यारीत नाही, हे मला माहीत आहे. तिथेही १९८३ मध्ये खेळणे थांबवलेल्या माणसाला २०१५ पर्यंत वाट पाहावी लागली.

चौथी गोष्ट तक्रार म्हणावी की नाही, याबद्दल मी साशंक आहे, पण ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९७९-८० मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सकडे असताना हेवूड कोकेनच्या आहारी गेले होते. अंतिम मालिका चालू असतानाच प्रशिक्षक पॉल वेस्टहेड यांनी त्यांना निलंबित केले. संघाच्या दृष्टीने तो निर्णय चूक होता, असे मी म्हणत नाही. त्याच मालिकेच्या सहाव्या सामन्यात, जखमी अब्दुल-जब्बार यांच्या जागी, वीस वर्षांच्या मॅजिक जॉन्सन यांनी ४२ गुण करून अजिंक्यपद खेचून आणले. महाविद्यालयाची दोन वर्षे बाकी ठेवून आलेला तो मुलगा हेवूड यांनी मोकळ्या केलेल्या वाटेने आला होता, आणि वाट मोकळी करणारा त्या वेळी संघाबाहेर होता. त्या काळात व्यसनी खेळाडूला उपचाराकडे नेणारी व्यवस्था लीगकडे नव्हती. लीग आणि संघटना यांच्यातला अमली पदार्थविरोधी करार झाला तो १९८३ मध्ये. हेवूड इटलीत व्हेनिसला जाऊन खेळले, वॉशिंग्टनकडून दोन हंगाम परतले आणि थांबले. नंतर ते व्यसनातून बाहेर पडले आणि त्याविषयी उघडपणे बोलत राहिले. त्यांच्या आयुष्यातले हे प्रकरण नाव न देण्याचे कारण म्हणून आतल्या खोलीत कुणी पुढे करत असेल, तर मला एवढेच विचारायचे आहे की १९७१ च्या निकालाचा फायदा घेताना लीगने ही अडचण मानली होती का?

एरवी समाजमाध्यमांवर त्यांचे नाव निघते ते दोनच गोष्टींसाठी : मॉडेल इमान यांच्याशी झालेला त्यांचा पहिला विवाह, आणि एका बूट कंपनीच्या हुकलेल्या समभागांची कहाणी. असल्या गप्पांत त्यांचे खरे काम बुडून जाते, याला काही अंशी आपले मौन जबाबदार आहे.

आता आक्षेपांकडे येतो. हेवूड यांनी डेन्व्हरचा करार मोडला, हे खरे. पण न्यायालयासमोर लीगने आपल्या नियमाचा बचाव केला होता, आणि नियम टिकला नाही. कराराच्या वादाने तो नियम चांगला ठरत नाही. दुसरा आक्षेप असा, की लवकर येणाऱ्या मुलांमुळे लीगमध्ये कच्चे खेळाडू आले आणि कित्येकांची आयुष्ये मध्येच लटकली. प्रशिक्षक म्हणून मला हा आक्षेप गंभीर वाटतो. लवकर गेलेली सगळी मुले सुखी झाली, असे मी म्हणणार नाही. परंतु चार वर्षे थांबायला लावल्याने ती शहाणी झाली असती, याचा पुरावा त्या वेळी आपल्याकडे नव्हता आणि आजही नाही. खेळाडूला फुकट खेळवून घेणे म्हणजे त्याला शिकवणे, हा तो समज होता. त्या वेळी ज्या व्यवस्थेच्या नावाने हा नियम राखला गेला, ती अमेरिकेतली विद्यापीठेसुद्धा २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत.

तिसरी अडचण मात्र खरी आहे आणि ती मीच पुढे ठेवतो. २००५ च्या सामूहिक करारापासून आपण पुन्हा वयाची अट घातली आहे : ड्राफ्टच्या वर्षात खेळाडूला एकोणीस वर्षे पूर्ण झाली पाहिजेत, आणि अमेरिकी खेळाडूला शाळा सोडून निदान एक वर्ष झाले पाहिजे. या अटीला हेवूड यांचे नाव देणे म्हणजे त्यांची थट्टा होईल. थांबायला लावणाऱ्या नियमाशी जो लढला, त्याचे नाव थांबायला लावणाऱ्या कलमावर नको. त्यांचे नाव हवे आहे ते महाविद्यालयाची चार वर्षे पूर्ण होण्याआधी ड्राफ्टसाठी नाव देण्याच्या हक्काला, म्हणजे लवकर प्रवेश घेणाऱ्या खेळाडूच्या तरतुदीला. हा फरक मसुदा लिहिणाऱ्यांनी जपावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

सामूहिक करारातल्या लवकर प्रवेशाच्या तरतुदीला ‘स्पेन्सर हेवूड तरतूद’ असे अधिकृत नाव द्यावे, आणि लीगच्या सर्व प्रकाशनांत व प्रसारणांत तेच वापरावे. सध्याचा करार २०२९-३० च्या हंगामापर्यंतचा आहे, तोवर थांबण्याचे कारण नाही. दोन्ही पक्षांची संमती असेल, तर मथळा बदलायला एक पूरक पत्र पुरते. यात कुणाचा एक डॉलर जात नाही आणि कुणाचा हक्क कमी होत नाही. यासाठी पुढाकार खेळाडू संघटनेने घ्यावा, कारण मालकांविरुद्ध लढलेल्या माणसाचा सन्मान मालकांनीच आधी सुचवावा, ही अपेक्षा चुकीची आहे.

पुढच्या ड्राफ्टच्या रात्री, पहिले नाव पुकारण्याआधी, हेवूड यांना व्यासपीठावर बोलवावे आणि हा मान जाहीर करावा. त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे.

१९७०-७१ मध्ये लीगच्या मैदानांवर त्यांना मिळालेल्या वागणुकीबद्दल आयुक्तांनी लीगच्या वतीने लेखी खेद व्यक्त करावा. तेव्हाचे आयुक्त वेगळे होते, मालक वेगळे होते, हे उत्तर मला नको. संस्था तीच आहे, आणि त्या काळातली अजिंक्यपदे आपण आजही अभिमानाने मोजता.

नवोदित खेळाडूंसाठी लीग आणि संघटना मिळून १९८६ पासून जो प्रशिक्षणवर्ग चालवतात, त्यात पैसे कसे सांभाळावेत, पत्रकारांशी कसे बोलावे, हे शिकवले जाते. त्यात हेवूड विरुद्ध एनबीए हा खटला शिकवावा. एक तास पुरे आहे, पण तो खटला झाला नसता तर आपण आज या वर्गात नसतो, हे त्या मुलांना पहिला पगार हातात पडण्याआधी कळावे.

शेवटची मागणी सिएटलची. तिथे २००७ मध्ये त्यांची २४ क्रमांकाची जर्सी निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी संघ ओक्लाहोमा सिटीला गेला. सिएटलला आपण पुन्हा संघ दिलात, तर ती जर्सी पहिल्या सामन्याआधी छताला लागलेली असावी, अशी अट नव्या मालकांना घालावी.

या मागण्यांवर खेळाडू संघटनेच्या पुढच्या बैठकीत चर्चा व्हावी, आणि निर्णय काहीही असो, तो कारणांसह जाहीर करावा, ही विनंती. नकार द्यायचा असेल तर तोही चालेल. फक्त त्याखाली कारण लिहिलेले असू द्या.

कळावे,
आपला,
एक बास्केटबॉल प्रशिक्षक